काचवाल्याच्या खिडकीतली फळी

काचवाल्याच्या घराला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींना काच नव्हती. हसू नका, खरी गोष्ट आहे.

गावातली शाळा, दवाखाना, पोस्ट, बेकरीचं कपाट, झाडून सगळ्या काचा याच्याच हातच्या. चौकटीचं माप दोनदा घ्यायचा आणि काच दोन सूत कमी कापायचा, म्हणजे ओलीनं लाकूड फुगलं तरी काचेला जाच नको. आपल्या घरी मात्र रस्त्याकडच्या खिडकीला, काचा ज्यात येतात त्या खोक्याची फळी ठोकलेली आणि मागची खिडकी विटांनी बुजवलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

याला कारण होतं. गावापासून सरहद्द तीन तासांच्या चालीवर. अलीकडच्यांचं आणि पलीकडच्यांचं कधी पटलं नाही. भांडण नेमकं कशावरून सुरू झालं, हे आता दोघांनाही धड आठवत नसावं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची लढाई जुंपली ती अकरा दिवस चालली. दुसऱ्याच दिवशी गावच्या पुलावर बॉम्ब पडला आणि गावातली एकूण एक काच फुटली. काचवाल्याची बायको तेव्हा खिडकीपाशी रफू करत बसली होती. नशीब थोर, डोळे वाचले. पण केसांत काचेचा चुरा भरला, आणि काचवाल्यानं सबंध दुपार चिमट्यानं एकेक कण वेचून काढला. संध्याकाळी त्यानं फळी ठोकली आणि म्हणाला, "तात्पुरती आहे गं."

तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ जगात दुसरं काही नसतं. लढाई थांबली, मोठ्या माणसांनी कागदावर सह्या केल्या, काचवाल्यानं दोन वर्षं राबून गावभर काचा बसवल्या. बायको अधूनमधून विचारायची, "आपली कधी?" हा म्हणायचा, "जरा थांबू या. बातम्या बऱ्या नाहीत." आता बातम्या कधी बऱ्या असतात का? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे ठीक, पण याचं फुंकणं नऊ वर्षं संपेना.

बायकोचं काम मोठं नाजूक. कोटाला भोक पडलं, शालीला कसर लागली, की लोक तिच्याकडे आणत. कापडाचाच दोरा उसवून ती अशी जाळी विणायची की मालकालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. याला उजेड लागतो, आणि तोही दिवसाचा. बल्बखाली काळा आणि गडद निळा दोरा सारखेच दिसतात. म्हणून ती नऊ वर्षं उंबऱ्यावर बसून काम करत होती. थंडीत पायांवर पोतं, उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा, समोरून गाडी गेली की तोंडात धूळ. वर येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार, "काय काकू, उंबऱ्यावर?" जसं काही आजच बसलीये!

आणि त्या फळीचं गावानं भलतंच करून ठेवलं होतं. काचवाला महिन्यातून एकदा लष्कराच्या छावणीत जायचा, तिथल्या तावदानांची डागडुजी करायला. तेवढ्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की साहेब लोक याच्या कानात सगळं सांगतात. प्रत्यक्षात साहेब एवढंच सांगायचे, "काका, मोरीची काच पुन्हा फुटली." पण गावाला कोण समजावणार! सकाळी पाव आणायला निघालेला माणूस त्याच्या घरासमोर मान वळवून बघायचा आणि घरी जाऊन सांगायचा, "फळी आहे अजून. काही खरं नाही." हा प्रकार गावात सगळ्यांना ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो एका काचवाल्याला.

यंदा बोलणी फिसकटली. दोन्हीकडचे प्रतिनिधी खुर्च्या सरकवून उठले, रात्रंदिवस लष्कराच्या गाड्या जाऊ लागल्या आणि दुकानातलं पीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या दोन दिवसांत उडाल्या. लोकांनी काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. काचवाल्याच्या हाताला काम उरलं नाही. लढाईच्या तोंडावर नवी काच कोण बसवून घेणार?

अशात बायकोच्या भावाचा फोन आला. तो लांब, आतल्या मुलखात राहायचा. "ताई, दोघंही निघून या. घर मोठं आहे."

काचवाला म्हणाला, "तू जा. मी दुकान बघतो."

"मी नाही जायची."

"अगं, पुन्हा काही झालं तर?"

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. एरवी ती बोलताना कधी हात थांबवायची नाही. "अहो, नऊ वर्षं लढाई झाली नाही," ती म्हणाली, "आणि नऊ वर्षं माझं घर अंधारात आहे. लोकांची लढाई अकरा दिवसांत संपली, माझी तुम्ही अजून चालूच ठेवलीये. लढाई व्हायची तर होईल. मला माझ्या खिडकीला काच हवी."

"आत्ता? अगं, लोक काय म्हणतील? काच बसवायची ही वेळ आहे का?"

"तुमची वेळ कधी येते ते मला कळलंय."

एवढं बोलून तिनं तोंड मिटलं ते तीन दिवस. भांडली असती तर बरं झालं असतं. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, आणि शब्द एक नाही. कप ठेवायची तो मात्र असा आदळून, की काचवाल्याला लहानपणी खाल्लेला मार आठवावा. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला उंबऱ्यावर बसलेलं पाहिलं. लष्कराच्या गाड्यांनी उडवलेल्या धुळीत ती सुईत दोरा ओवत होती. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, मग तिनं सुई उजेडाकडे उंच धरली, डोळे बारीक केले आणि पाचव्यांदा कुठे ओवली. ही बाई पूर्वी बोलता बोलता, न बघता दोरा ओवायची.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं पक्कड घेतली आणि फळीचे खिळे उपटले. नऊ वर्षांचे गंजलेले खिळे ते, एकेक किंचाळत निघाला. चौकट खरवडली, माप घेतलं, पुन्हा घेतलं. दुकानातला सगळ्यात चांगला, बुडबुडा नसलेला तक्ता काढला. रेघ मारली, टिचकी दिली, तुकडा अलगद सुटला. चारी बाजूंनी पुट्टी भरून अंगठ्यानं दाबत नेली, कोपऱ्यात टाचण्या मारल्या आणि ओल्या कागदानं काच पुसली. खोलीत ऊन शिरलं. भिंतीचा रंग पिवळा होता हे दोघंही विसरून गेले होते. बायकोनं चहाचा कप आज आवाज न करता ठेवला. काचवाल्याला तेवढं पुरलं, तो शीळ घालतच दुकानात गेला.

पण हे सुख दुपारपर्यंतच टिकलं.

पहिला आला बेकरीवाला. दोन दिवस तो भट्टी बंद करून सामान बांधत होता. आता त्याच्या अंगावर पुन्हा पीठ होतं. "काका, उपकार झाले!" म्हणाला. "बांधलेलं सगळं सोडलं बघा. उद्यापासून पाव मिळेल."

"कसले उपकार?"

बेकरीवाल्यानं डोळा मारला. "राहू द्या हो. फळी काढलीत, आम्ही समजलो."

काय समजलात, असं विचारल्यावर सगळा उलगडा झाला. काचवाल्याला दरदरून घाम फुटला. नऊ वर्षं अख्खा गाव आपल्या खिडकीवर नजर ठेवून आहे! "अरे बाबा, मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "छावणीत मला कोणी हिंग लावून विचारत नाही!"

"बरोबर आहे," बेकरीवाला आवाज खाली आणत म्हणाला, "तुम्ही 'नाही'च म्हणणार. वरून हुकूम असेल."

झालं! रस्त्यावर जाऊन काचवाल्यानं आणखी चौघांना सांगितलं, तर चौघांचाही विश्वास आणखी घट्ट झाला. जो तो म्हणे, काका पोटातलं ओठावर येऊ देत नाहीत, म्हणूनच छावणीत त्यांना बोलावतात. शाळेतल्या निवृत्त बाई, ज्यांनी निम्म्या गावाला पाढे शिकवले, त्या तेवढ्या म्हणाल्या, "मला पटत नाही," पण हातगाडीवर चढवलेली ट्रंक त्यांनीही उतरवून घेतली होती.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग टेम्पोवाला भेटला. त्याच्या सुनेला नववा महिना लागला होता. त्याच संध्याकाळी तो तिला तिच्या माहेरी, लांब आत, पोचवणार होता. "आता नाही नेत," तो खुशीत म्हणाला. "खड्ड्यांच्या रस्त्यानं पोरीला कशाला हिसके? तुमच्या काचेनं काम केलं, काका."

काचवाला तसाच घरी आला आणि ताटावर बसून नुसता अन्नाकडे बघत राहिला. "फळी परत ठोकतो," शेवटी म्हणाला. "काच राहू दे आत, वरून फळी ठोकतो. माझ्या काचेपायी ती पोर इथे राहिली आणि उद्या काही झालं, तर मी तोंड कुठे दाखवू?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. सकाळपासून तिनं तिथे बसून अर्धा कोट संपवला होता. क्षणभर तिला वाटलं, गेला आपला उजेड. रडूच यायचं बाकी होतं. मग ती उठली आणि हात पुसत बाहेर निघाली.

"कुठे चाललीस?"

"तुम्हाला खोटंही बोलता येत नाही आणि खरंही. बसा."

बेकरीपुढे दहा-बारा माणसं होती, त्यात टेम्पोवाला आणि शाळेतल्या बाईही. ती पायरीवर चढली. नऊ वर्षं रस्त्यावर बसलेल्या बाईला रस्त्यावर बोलायची कसली लाज! "ऐका सगळे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आमच्या ह्यांना लढाईतलं ओ की ठो कळत नाही. काच बसवली, कारण मी तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. संपलं!"

हशा पिकला. छावणी, हुकूम, गुपित, सगळं एका वाक्यात वाहून गेलं. इतका वेळ काचवाला जीव तोडून सांगत होता ते कोणाला पटलं नव्हतं, पण बायको तीन दिवस बोलली नाही म्हटल्यावर प्रत्येकाला पटलं. बेकरीवाला तर डोळे पुसत म्हणाला, "तीन दिवस? आमची दुसऱ्याच दिवशी जिंकते."

मग हसू ओसरलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे काही कळायला मार्गच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई," ती म्हणाली. "कधीच नव्हता. आपण एका फळीकडे बघून दिवस काढले." आणि टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाली, "तू सुनेला घेऊन आजच्या आज नीघ. तिच्याखाली दोन गाद्या घाल आणि गाडी हळू चालव. झाली लढाई तर ती सुखरूप, नाही झाली तर माहेरपण झालं. तुझं जातंय काय?"

टेम्पोवाला मान डोलावून निघाला. बेकरीवाल्याची बायको मुलांना घेऊन गेली, बेकरीवाला राहिला, कारण पीठ भिजवून झालं होतं. बाईंनी ट्रंक पुन्हा गाडीवर चढवली आणि जाता जाता काचवाल्याच्या दारात थांबल्या. "माझ्या मागच्या खोलीला पत्रा मारलाय," म्हणाल्या. "किल्ली घ्या. परत येईन तेव्हा तिथे काच हवी." काचवाल्यानं किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशीही लष्कराच्या गाड्या जातच होत्या. लढाई होणार की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. कामाशिवाय काचवाल्याला करमेना. दुपारी तो घरी आला. बायको खिडकीपाशी बसली होती, मांडीवर कोणाचा तरी काळा कोट. तिनं सुई उचलली, दोरा पुढे केला आणि पहिल्याच खेपेला ओवला. मान वर करून सांगायचंही तिला सुचलं नाही, लागली कामाला. काचवाल्याचं मन भरून आलं. ओठांशी आलं होतं, चुकलंच माझं, नऊ वर्षं उगाच घालवली. म्हणून तो दोन पावलं पुढे झाला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अहो," ती कोटावरची नजर न काढता म्हणाली, "सरका बाजूला. उजेड अडवताय."