शेंदराखाली देवी आहे का?

"देवीच्या चित्राचा एक्स-रे काढायचाय, येतोस का?" जुनी चित्रं जपण्याचं काम करणाऱ्या मेघनाचा, माझ्या मैत्रिणीचा, फोन आला. एक्स-रेत माणसाची हाडं दिसतात. चित्राचं काय दिसणार? मी निघालोच.

बीडहून आष्टीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा. फाट्यावरच्या खानावळीत भाकरी आणि शेंगदाण्याचं झणझणीत कालवण शंभराच्या आत पोटभर मिळतं.

गावच्या मठातलं चित्र लाकडी फळीवर आहे. दर जत्रेला त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा लेप देण्याचा मान गुरवांच्या अनुसयामावशींचा. पिढ्यान् पिढ्यांच्या लेपांतून आता देवीचे चांदीचे डोळे तेवढे दिसतात. जत्रा उद्यावर आली होती.

मेघनाने फळीमागे प्लेट लावली, समोर यंत्र ठेवलं आणि सगळ्यांना अंगणात पिटाळलं. थोड्या वेळाने लॅपटॉपभोवती गर्दी झाली. कडेच्या हिरव्या ऑइलपेंटखालून एक घोडा निघाला, पंखा धरलेली बाई निघाली. मधोमध मात्र नुसता पांढरा डाग.

"आई कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

"शेंदरात शिसं असतं, मावशी. किरण त्यातून पार जात नाहीत."

"म्हंजी आमीच झाकली तिला?"

मेघनाने कडेची एक चीर दाखवली. ती थेट डागात शिरत होती. "ओझ्यानं खालचा रंग सुटत असणार. यंदा लेप नको."

मावशींचे दीर उसळले. "लेप न्हाई तर जत्रा कसली? शहरातलं कुणी सांगंल अन् आमी ऐकायचं, कावून?"

श्रद्धेच्या नावाखाली वारसा बुजवायचा हक्क कुणालाही नाही, असं मी सुरू केलं.

"भाऊ, सभा मागून घ्या," मावशी म्हणाल्या. मग फळीकडे वळून त्यांनी सांगितलं, "यंदा शेंदूर उंबऱ्याला."

"आन मानाचं काय?" दिरांनी विचारलं.

"मान माझा हाय. कुठं लावायचा ते मी बघंन."

"देवी कोपली म्हंजी?"

"जरा मोकळी झाली म्हणून कोपंल व्हय?"

घरी आल्यावर मी मावशींना फोन केला. जत्रा झाली, निम्म्या गावानं नाकं मुरडली, दीर जेवायलाही आले नाहीत. जुन्याला हात लावण्याआधी आत डोकावलंच पाहिजे, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून ठणकावून सांगेन. पण आत काहीच नसलं तर? तो पांढरा डाग मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

मावशींना मी ते बोलून दाखवलं. लेप हळूहळू काढला तरी खाली चेहरा उरला असेलच, असं मेघनाही सांगू शकत नव्हती.

"न्हाई उरला तर न्हाई," मावशी म्हणाल्या. "ते बी मलाच बघायचंय. मेघनाबाईला लवकर यायला सांगा."