नाव सांगू नको, लेकरा

आबांचा फोन आला तेव्हा परभणीत वैष्णवीच्या खोलीवर आम्ही टेबलभर तारा पसरून बसलो होतो. "आक्का गेली," एवढंच ते म्हणाले. मागे नांदेडच्या दवाखान्यातल्या व्हरांड्याचा गोंगाट होता. आक्का म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण, माझी सोजरआत्या. वैष्णवीनं माझा हात धरला, आणि अगदी हळू विचारलं, "सोबती सापडला का गं?" मी नकारार्थी मान हलवली. आत्याला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून सोबती घरात कुठंच दिसत नव्हता.

सोबती म्हणजे काय ते सांगते, पण आधी आत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती पालमला भावाकडे परतली. ब्लाऊज शिवून पोट भरलं, आणि उरलेला सगळा जन्म चळवळीची पत्रकं वाटण्यात घातला. आबा मजकूर लिहीत, ती वाटे. पालमच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीखिडकीतून पत्रकं आत सरकवायची. कुणी चुरगाळून फेकलं तर उचलून, मांडीवर सरळ करून पुन्हा त्याच माणसाच्या हातात द्यायची. "वाचून फेका की मालक, न वाचता काय फेकायलाव?" मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि तिनं मला वाचायला लावलं ते तळाकडून. आधी खाली छापलेलं नाव वाचायचं, मग मजकूर. "खाली नाव नसलं तर ते पत्रक न्हाई, आवई हाय," असं ती म्हणायची. आमच्या प्रत्येक पत्रकाखाली तिचं पूर्ण नाव असे, आडनावासकट, वस्तीसकट. धमक्या यायच्या. ती पुढच्या पत्रकात तेच नाव जरा मोठ्या टायपात छापायला सांगायची.

अशी बाई विसरू लागली. चूल, सुई, रस्ता... हे सगळं विसरेल म्हणून आम्ही मनाची तयारी केली होती. ती घाबरू लागेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दिवस कलला की ती दाराला कडी घालायची, कडीत लाटणं अडकवायची आणि आबांना म्हणायची, "कोन तुमी? भाऊ यायलाय माझा, जा इथून." भाऊ समोर उभा असायचा.

वैष्णवी माझी शाळेपासूनची मैत्रीण, पाथरीच्या शेतकरी घरातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी बोलेल, त्यांना सोबत करेल असा रोबो तिच्या गटाला करायचा होता. मी कला शाखेची, म्हणून वाक्यं माझ्याकडे आली आणि आवाजही माझाच भरला. दीड हात उंचीचा, गुबगुबीत, पांढरा, निळ्या डोळ्यांचा तो जीव आम्ही आत्यापुढं ठेवला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं मोडून दृष्ट काढली. "कुनाचं गं हे? उघडंच आनलंय, टोपडं तरी घालावं." आम्ही हसलो. मग ठरलेला पहिला प्रश्न आला. असल्या प्रश्नांनी माणूस भानावर राहतं, असं वैष्णवीच्या अभ्यासात होतं. माझ्याच आवाजात सोबतीनं विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय? गाव कोणतं?"

आत्याचा हात त्याच्या डोक्यावरून गळून पडला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि एखाद्या लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "गोदा. पाटलाची गोदा हाय मी. सोडा मला."

वैष्णवी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. आबा मात्र खाली बसले. गोदा कोण, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आत्या लहान असताना एका दुपारी गाव आमच्या वस्तीवर चालून आलं होतं. आजीनं आबांना पोटाशी बांधून ज्वारीच्या रानात पळ काढला. दोन लेकरं घेऊन पळणं जमणार नव्हतं, म्हणून सोजरला धान्याच्या कणगीत बसवलं. सोबत एक भाकरी दिली, वर झाकण ठेवलं आणि बजावलं, कुणी काढून विचारलंच तर खरं नाव सांगू नको, पाटलाची गोदा म्हण. कणगीच्या विणीतल्या फटीतून तिला चालणारे पाय दिसत होते, आणि पेटलेली छपरं. ती वाचली. त्या रात्री आजीला सांगितलं तेवढंच, पुढं हयातभर तिनं हे कुणाला सांगितलं नाही; आबांनाही ते आजीकडूनच कळलं होतं.

आमच्याकडे पूर्ण नाव का विचारतात हे खोली भाड्यानं शोधलेल्या, नोकरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्यातल्या कुणालाही विचारा. पहिलं नाव कुणाला नको असतं, पुढचं हवं असतं. वैष्णवीनं तो प्रश्न तिथंच पुसून टाकला. "माझ्या डोक्यातच आलं न्हाई गं," ती म्हणाली. तिच्या डोक्यात यायची कधी वेळच आली नव्हती, हे मी तिला ऐकवलं आणि आम्ही भांडलो. भांडण आबांनीच मोडलं. त्यांचा उपाय सोपा होता. "माझी बहीण मला म्हाईत हाय. 'जय भीम' म्हनायला लाव त्याला. आत्ता उठून बसंल बघ, वाघिणीवानी."

मी वाक्य भरलं. सोबती खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम, आत्या!" आणि आत्यानं झेप घेतली. दोन्ही तळहात त्याच्या तोंडावर दाबले, त्याला पदराखाली ओढलं. "गप! आयकू जातंय त्यायला. गप रं माझ्या लेकरा... नाव सांगू नको. कुनी इच्यारलं तर गोदा म्हन." तिच्या बोटांखालून माझाच आवाज घुसमटत बाहेर येत होता. त्या क्षणी मला माझ्या ओठांवर तिचा हात जाणवला... अजूनही जाणवतो. आबा उठून बाहेर गेले आणि ओट्यावर पाठमोरे बसून राहिले. आम्ही पत्रकांत लिहितो, भीती झटकून टाका. झटकायला ती कपड्यांवर बसलेली धूळ असावी लागते. सगळी आठवण गळून गेल्यावर आमच्या वाघिणीच्या तळाशी जे उरलं होतं ते हे होतं, आणि ते पाहून मला माझीच धडकी भरली. उद्या माझ्या तळाशी काय निघेल?

एक मात्र झालं. वैष्णवीनं सोबतीचं बोलणं काढून टाकलं. आता तो नुसता डोळे मिटायचा-उघडायचा, थोपटलं की हुंकार द्यायचा. आत्या त्याला कडेवर घेऊन फिरू लागली. त्याला टोपडं शिवलं. सुई तिच्या बोटांना आठवली! कडी-लाटणं चालूच होतं, पण दाराआड ती आता थरथरत नसे. त्याला थोपटत सांगायची, "भ्यायचं न्हाई. मी हाय ना." भीती गेली नव्हती. तिला आता राखायला कुणीतरी होतं, एवढंच.

आत्याच्या छातीत कफ भरला त्या दुपारी अँब्युलन्स आली. दारात दोन अनोळखी पुरुष पाहताच ती आत पळाली, बऱ्याच वेळानं रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि मुकाट गाडीत बसली. दवाखान्यात खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?" मी तोंड उघडायच्या आत तिनं माझं मनगट आवळलं. "गोदा," ती म्हणाली. मी तिचं खरं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, मोठ्यानं. त्यानं लिहून घेतलं, बस्स. पण आत्या माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिली... आपल्याला कुणीतरी पकडून दिलं, अशी ती नजर होती. चारच दिवसांनी, मी परभणीत असताना, ती गेली.

काही आठवड्यांनी दळणासाठी आबांनी ज्वारीची कोठी उघडली आणि मला हाक मारली. पत्र्याच्या कोठीत, ज्वारीत छातीपर्यंत पुरलेला सोबती बसला होता. टोपडं घातलेला, तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. शेजारी एक भाकरी, वाळून लाकूड झालेली. वैष्णवीला फोन लावून मी एवढंच म्हणाले, "सापडला."

आबा झाकण हातात धरून उभे होते. "हे पुरं लागलेलंच नव्हतं," ते म्हणाले. कडेला घडी घालून कागद खोचलेला होता, आतल्याला श्वास घेता यावा म्हणून बोटभर फट राखलेली. मी घडी उलगडली. आमच्या घरात दुसरा कसला कागद असणार? मी तिनं शिकवल्यासारखं, तळाकडून वाचायला घेतलं. खाली मोठ्या टायपात तिचं नाव होतं. पूर्ण.