धूळ आत पण बसते

"धूळ आत पण बसते," असं म्हणून मामा खांद्यावरचं पिवळं फडकं काढायचे आणि माझ्या हातात द्यायचे. फडकं हातात आलं की मी समजायचं, आता कॉमर्सच्या कपाटाकडे जायचं.

ही काय भानगड होती ते सांगते. पण आधी घरचं सांगायला लागेल.

माझे वडील हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या एका अपार्टमेंटचे वॉचमन. आम्ही मूळचे देगलूरकडचे. राहायचो पार्किंगमधल्या खोलीत, जिन्याखाली. वरून जिना गेलेला, त्यामुळे खोलीचं छत तिरकं. उंच माणसानं दाराशी उभं राहायचं आणि बुटक्यानं आत जायचं, अशी आमच्याकडे पाहुण्यांची व्यवस्था होती. आई वरच्या मजल्यांवर धुणीभांडी करायची. गाडीचा हॉर्न वाजला की फाटक उघडायला कुणीतरी पळायला हवं. वडील पाण्याच्या मोटारीपाशी, आई वर, म्हणजे पळणारी मीच. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं हे मी दोन हॉर्नच्या मधल्या वेळात शिकले. म्हणूनच पुष्कळ दिवस ते माझ्या डोक्यात उलटं होतं.

इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, सरकारी कॉलेजात पुस्तकं मिळाली. डिग्रीला आल्यावर ती विकत घ्यायची वेळ आली आणि ते आमच्याच्यानं होणारं नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं होती, पण हरवू नयेत म्हणून कुलपात. फोनवर वाच म्हणणारेही भेटले. घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, कारण फ्लॅटवाल्यांची हाक कधी येईल सांगता येत नाही.

तेव्हा सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर बशीरबागेतल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी, असं मी सुरू केलं. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. तुम्ही हैदराबादचे नसाल तरी तुमच्या शहरात तसलंच एक असणार. काचेचं दार, गार हवा, कोपऱ्यात कॉफी, देशभर सगळीकडे एकच पाटी आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली आमच्यासारखी पोरं.

मामा तिथले सुपरवायझर. सगळ्यांचेच मामा; तेलुगू पोरंसुद्धा त्यांना "मामा गारू", म्हणजे मामाजी, म्हणत. उदगीरकडचं शेतकरी घराणं, आजोबांच्या काळात, निजामाच्या राज्यात इकडं आलेलं. मामांनी स्वतः कधी नांगर धरला नव्हता. बोलणं मात्र सगळं शिवारातलं. कादंबऱ्या म्हणजे काळी जमीन, काही पेरा, उगवतं. लहान मुलांचा विभाग म्हणजे बागायत, कारण तिथं सारखं कुणीतरी पाणी सांडायचं. कविता पडीक. आणि 'श्रीमंत व्हा' छापाची पुस्तकं म्हणजे ऊस. "जमीन खराब करतो, माय, पण पैसा देतो."

तळातल्या अर्ध्या फळीवर मराठी पुस्तकं होती. तिला ते "आपलं परसू" म्हणायचे. माझी शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी मी बोलायची, वाचताना मात्र अडखळायची. गिऱ्हाईक नसलं की मामा मला त्या फळीसमोर बसवून मोठ्यानं वाचायला लावत आणि मी जोडाक्षराला अडले की, "धसकट लागलं काय?" म्हणून विचारत. आज हे लिहितेय ते त्या परसातलं पीक.

पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. आडनाव कळल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मला पाठ आहे, म्हणून मी बघत बसले. मामांचा चेहरा बदलला खरा, पण माझ्या डब्यातल्या ठेच्यानं. डोळ्यांतून पाणी आलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डबा पुन्हा पुढं ओढला आणि म्हणाले, "उद्या थोडा जास्त आण."

मी बी.कॉम.ची पुस्तकं जाता-येता उघडून बघते हे त्यांना आठवडाभरात कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडकं हातात दिलं. "कॉमर्सच्या कपाटावर लई धूळ आहे. रोज झटकावी लागेल. आणि बरं का, धूळ आत पण बसते. पानंपानं बघायची." कपाटामागं एक स्टूलही येऊन बसलं होतं. मी बसले, उघडलं आणि वाचलं. हॉर्न वाजला नाही. घटकाभरानं मामा येऊन विचारून गेले, "किती एकर झालं?" एक धडा म्हणजे एक एकर, असा त्यांचा हिशेब.

एकदा बंगळूरहून कंपनीचे साहेब आले. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप. त्यांनी मला स्टुलावर पकडलं. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर कागद, कागदावर गणित. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "धूल साफ कर रई, साब. धूल अंदर भी बैठती." साहेबांनी माझ्या दुसऱ्या हाताकडे बोट केलं. "और पेन्सिल?"

"कोने में की निकालने को," मामा म्हणाले.

साहेब पुढं गेले. त्यांना पटलं नव्हतं.

गिऱ्हाइकांवर मामांचा जीव होता. त्यातले बरेचसे काही घेत नसत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अंबरपेठेचे एक निवृत्त गृहस्थ रोज उभ्यानं एक जाडजूड रहस्यकथा वाचायचे आणि खूण म्हणून बसचं तिकीट घालून जायचे. एक दिवस ती प्रत विकली गेली. गृहस्थ भडकले. "मेरी किताब किसने बेची?" दुकानातलं पुस्तक विकलं गेलं म्हणून दुकानदाराला झापणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि झापून घेणाराही. मामांनी त्यांची माफी मागितली, कॉफी पाजली, गोदामातून दुसरी प्रत काढून आणली. मग दोघांनी मिळून खून कुठपर्यंत आला होता ते शोधून काढलं.

पुढं लोक पुस्तकाचा फोटो काढून, तिथंच उभ्या उभ्या फोनवर स्वस्तात मागवायला लागले. आम्हाला राग यायचा. मामा पुस्तक नीट धरून म्हणायचे, "इधर आओ साब, इधर रोशनी अच्छी है." मी एकदा चिडून बोलले, तर म्हणाले, "पाखरं कणसावर बसणारच, माय. बसली म्हणून शेत सोडतात का?"

पण शेत सुटायची लक्षणं दिसत होती. कादंबऱ्यांच्या अर्ध्या जागेत कप आले, मग दप्तरं, मग हेडफोन, मग रिमोटवर उडणारी हेलिकॉप्टरं. मामा म्हणाले, "तण माजलं." एक हेलिकॉप्टर कवितांच्या कपाटावर आदळलं, तेव्हा म्हणाले, "चला, पडिकात कुणी तरी उतरलं."

आणि मग कळलं की दुकान बंद होणार. आमचंच नाही, त्या पाटीची बरीचशी दुकानं.

दुकान बंद करण्याची एक रीत असते. प्रकाशक जी पुस्तकं परत घेतात ती आधी खोक्यांत जातात, उरलेली सेलला. बंगळूरहून हुकूम आला, पहिल्यांदा कॉमर्स आणि स्पर्धा परीक्षांची कपाटं रिकामी करा. माझं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. परीक्षेला महिना-सव्वा महिना होता. कॉस्ट अकाउंटिंग अर्धं झालेलं, डायरेक्ट टॅक्सला हातही लागला नव्हता. वडिलांनी सगळ्या अपार्टमेंटला, अगदी पेपरवाल्यालाही सांगून ठेवलं होतं की, पोरगी यंदा डिग्री होते. मी पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि रिकामी खोकी उघडायला घेतली.

मामांनी खोकी माझ्या हातातून घेतली आणि पाकक्रियेच्या कपाटापाशी नेली. म्हटलं, हुकूम तर कॉमर्सचा आहे. म्हणाले, "उभं पीक कुणी मोडत नसतं."

पाकक्रिया झाली, ज्योतिष झालं, प्रवासवर्णनं झाली. बंगळूरहून फोन यायचा आणि मामा सांगायचे, कॉमर्सची पुस्तकं वजनदार, लिफ्ट बिघडली आहे, जिन्यानं उतरवणार कसं? लिफ्ट ठणठणीत होती. त्यांनी लिफ्टवाल्याला सांगून ठेवलं होतं, विचारलं तर बिघडली म्हण. लिफ्टवाला इतका इमानदार की त्यानं ते येईल त्याला सांगितलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि त्यांचे पेशंट गाल धरून जिने चढायला लागले.

शेवटी साहेब स्वतः आले. जिन्यानं. धापा टाकत कॉमर्सच्या भरलेल्या कपाटासमोर उभे राहिले आणि विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागं लिफ्टचं दार उघडलं. दातांचे डॉक्टर बाहेर डोकावले. "मामा, मुबारक! चालू हो गई." दार बंद झालं आणि डॉक्टर वर गेले.

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी फडकं खांद्यावरून काढून नीट घडी घातली. आता हे पेन्सिलीसारखं काहीतरी सांगणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "झूट बोला मैं, साब. ये बच्ची पढ़ रई यहाँ. इसके खानदान में कॉलेज का मुँह कोई नै देखा. खड़ी फसल है. इम्तिहान हो जाने दो, फिर कपाट क्या, मेरेकू भी खोके में भर दो."

मी खाली मान घालून उभी होते. साहेबांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, चाळलं. "डायरेक्ट टॅक्स. इसमें मैं फेल हुआ था." मग मला विचारलं, "तुमको समझता है?"

मी म्हटलं, हॉर्न नाही वाजला तर समझता है. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार. लॅपटॉप उघडून त्यांनी कपाटांची यादी वरखाली केली. मग म्हणाले की हे कपाट सगळ्यात शेवटी, पण वर कारण काय कळवू?

"लिफ्ट लिखो," मामा म्हणाले.

सेलला माणसांची रीघ लागली. दुकान चालू असताना जे कधी आले नव्हते ते आता गळा काढायला आले. दाराशी उभे राहून फोटो काढायचे. एक जण मामांना म्हणाला, "बचपन यहींच गुज़रा मेरा." मामा म्हणाले, "हौ, पहचाना मैं. कुछ खरीदे नै कभी." एक कॉफी हॉटेलवाला भिंत सजवायला पुस्तकं मागायला आला. जाड हवीत, आतलं काही असो, रंग एक असला तर बरं. मामांनी त्याला सगळा ऊस मोळ्या बांधून दिला. परसू मात्र सेलला लावलं नाही. ती पुस्तकं त्यांनी स्वतःच घेतली.

शेवटी त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकच कपाट उरलं. एक स्टूल, एक दिवा, एक टेबलफॅन. एसी कधीच बंद झालेला. मी वाचायची. मामा लांब खिडकीपाशी बसून राहायचे आणि तिथूनच विचारायचे, "किती एकर?" रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज सगळीकडून यायचा.

शेवटचा पेपर देऊन मी थेट दुकानात गेले. मामा खोकी भरत होते. एकेक पुस्तक उघडून, पानं झटकून, फडक्यानं पुसून आत ठेवत होते. आता कशाला, म्हटलं, कोण बघतंय? त्यांनी कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक माझ्यासमोर उलटं धरून झटकलं. खाली रबराचा भुगा पडला. माझ्या इतक्या दिवसांच्या खोडाखोडीचा.

"बघ," मामा म्हणाले. "धुळीचं मी साहेबाला खोटं सांगितलं नव्हतं."

तिथं आता सोफ्यांचं दुकान आहे. मामा उदगीरकडं चुलत भावाच्या घरी राहायला गेले. निकाल लागला त्या दिवशी वडील माझ्या मार्कांचा कागद हातात घेऊन फाटकाशी उभे होते. बाहेर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. वडील तिथूनच म्हणाले, "रुको साब, पोरीचा निकाल बघतोय." पहिल्या मजल्यावरचे साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

मी मामांना फोन लावला. माझा आवाज ओळखून त्यांनी नेहमीचंच विचारलं. मी म्हटलं, सगळं झालं मामा, रास पडली. मामा म्हणाले, "म्हणजे धूळ झटकायला आता दुसरं कुणी बघावं लागणार."

मामा गेल्या वर्षी गेले. मी नामपल्लीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. डेबिट आणि क्रेडिट आता उलटं होत नाही. मी बी.कॉम. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरात पहिली.