सूप आत, माय बाहेर

सूप आत गेलं. माय बाहेर राहिली.

जळगावातल्या एका डाळमिलमध्ये नव्या गोणीची पूजा होती. गोणीवर छापलेलं चिन्ह मी काढलेलं. म्हणून मी मायला साक्रीहून मुद्दाम बोलावलं होतं. ती पहाटेच्या एसटीनं आली, काखेत नवंकोरं सूप घेऊन. स्वतः विणलेलं. आमच्यात नवं सूप कुणाला रिकामं देत नाहीत. तिनं पदराच्या टोकाला तूरडाळ बांधून आणली होती, ती दारातच सुपात ओतली.

दारात शेठांच्या घरच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. "खाली ठेवा," म्हणाल्या. मायनं ठेवलं. बाईंनी तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, मग उचललं, आत नेऊन गोणीसमोर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. सूप म्हणजे लक्ष्मी ना! परत येऊन मायला म्हणाल्या, "तुम्ही तिकडे वजनकाट्याजवळ बसा. सावली आहे तिथं."

मी शेजारीच उभी होते.

"पोरी, मी आठेच बरी शे. तू जाय मझार," माय म्हणाली.

आणि मी आत गेले. आज लिहिताना लाज वाटते, पण गेले.

आम्ही बुरूड. बांबू चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, सुपं-टोपल्या विणायच्या आणि साक्रीच्या आठवडी बाजारात रस्त्याच्या कडेला मांडायच्या. येणारा-जाणारा सूप उलटंपालटं करून बघायचा, चार नावं ठेवायचा, मग न्यायचा. मी तिथंच मायजवळ बसून रेघ बघायला शिकले. पुढे धुळ्याला चित्रकला शिकायला गेले, तेव्हा वर्गातली पोरं मोकळी जागा, कमीत कमी आकार, असलं काय काय पुस्तकातून पाठ करत होती. मला त्यात नवं काही दिसेना. मायच्या सुपात एक कामटी जास्तीची नसते.

आता जळगावात माझं एका खोलीचं ऑफिस आहे. बियाण्यांची पाकिटं, ठिबकच्या नळ्यांचे कॅटलॉग, दुकानांच्या पाट्या. गिऱ्हाईक येतं आणि हमखास म्हणतं, "मॅडम, एवढी जागा मोकळी कशाला सोडली? तिथं गणपती टाका ना." मी भांडते. निम्मे पळून जातात, निम्मे टिकतात. या डाळमिलचे धाकटे शेठ टिकले. त्यांना गोणीवर देवी नको होती, हसरा शेतकरी नको होता. महिनाभर मला काही जमेना. कागदांचा नुसता ढीग. मग एक दिवस भिंतीवरचं मायचं सूप काढून टेबलावर ठेवलं आणि बघत बसले. तीन वळलेल्या रेघा, वर तीन दाणे. झालं.

धाकटे शेठ ते बघून खुर्चीतून उठलेच. "वा! हे कुठून सुचलं?"

मी बावळट. खूश होऊन सांगितलं, "माझी माय सुपं विणते."

"म्हणजे तुम्ही बुरूड?"

"हो."

"अच्छा."

बस, एवढंच. त्याआधी दर भेटीत मला स्टीलच्या पेल्यातून पाणी यायचं. पुढच्या भेटीला कागदी कप आला. शेठांचा पेला मात्र स्टीलचाच. मी स्वतःची समजूत घातली की पाहुण्यांसाठी नवी पद्धत काढली असेल. असल्या समजुती घालण्यात आम्ही मोठे पटाईत.

तर पूजा झाली. मंडप भरलेला. धाकट्या शेठांनी माइक घेतला. "हे चिन्ह म्हणजे आमच्या कुलदेवीच्या कमळाच्या तीन पाकळ्या. आमच्या घराण्याची परंपरा आज गोणीवर आली."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

कुणी बळजबरी केली नव्हती. माझेच हात होते. बाईंनी शिंपडलेल्या पाण्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त झोंबल्या, अजून झोंबतात.

मग शाल-श्रीफळासाठी माझं नाव पुकारलं. माइक हातात देताना शेठ कानाशी म्हणाले, "दोनच शब्द बोला. पाकळ्यांचंच सांगा हं. सूपबीप नको, लोक बसलेत."

मी समोर बघितलं. दार सताड उघडं होतं. वजनकाट्याजवळ कुणीतरी जेवणाची पत्रावळ मायपासून हातभर लांब ठेवून गेलं होतं. तिनं तिला हात लावला नव्हता. मिलचं एक जुनं, काठ उसवलेलं सूप तिथं पडलं होतं. ते मांडीवर घेऊन ती त्याचा काठ बांधत होती. ज्यांनी बाहेर बसवलं, त्यांचंच काम करत होती. कुणी सांगितलं नसताना. माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "या पाकळ्या नाहीत. हे सूप आहे. माझी माय विणते ते. ती बुरूड आहे, मीही बुरूड आहे. तिला तुम्ही बाहेर बसवलं आणि तिच्या हातच्या सुपाला आत हात जोडताय."

मी खांद्यावरची शाल खुर्चीवर ठेवली आणि गोणीसमोरचं सूप उचललं. "अहो, पूजेतलं उचलू नका!" कुणीतरी ओरडलं. डाळ खाली सांडली. मी थांबले नाही.

माय माझ्यावरच चिडली. "काय करी बठनी वं पोरी! आते तुले काम कोन दी?" रिक्षातून स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "सूप दे इकडे. बाजारमा इकसू." तिचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठांचा फोन आला. आवाज गोड. "झालं गेलं विसरू या. कागद पाठवतोय, सही करून टाका. चिन्ह आमचं, त्यामागची कहाणीही आमची."

"चिन्ह घ्या," मी म्हणाले. "पण गोणीवर एक ओळ छापा. हे चिन्ह बुरुडांच्या सुपावरून घेतलं आहे."

"मॅडम, एका ओळीसाठी एवढा तमाशा?"

"हो."

मी सही केली नाही. मिलचं काम गेलं. बाजारपेठेतल्या आणखी दोघांनी फोन उचलणं बंद केलं. भीती वाटते, कशाला खोटं बोलू? पण एक गोष्ट कबूल करायची आहे. इतकी वर्षं माझ्या ऑफिसच्या पाटीवर मी फक्त पहिलं नाव लिहिलं होतं. लोकांना सांगायचे, रचनेत तेवढंच बसतं. खोटं होतं ते. आडनाव वाचून कुणी जिन्यावरून परत फिरू नये, एवढंच त्यामागे होतं. मागच्या आठवड्यात पाटी उतरवली आणि स्वतःच्या हातानं पूर्ण नाव रंगवलं.

ज्याला परत फिरायचं त्यानं जिन्यावरूनच फिरावं. वर येईल त्याला पहिल्याच भेटीत सांगणार. माझी रेघ हवी असेल तर ती कुणाच्या हातातून आली, तेही छापावं लागेल. ते जमत नसेल तर गोण्या कोऱ्या विका.