फाटकावरच्या पिशव्या

उद्या जगातले सगळे फोन एकदम बंद पडले तर तुमची-आमची दातखीळ बसेल, पण आमच्या साडूंना ती बातमी आठ दिवसांनी कळेल, आणि तीही दूधवाल्याकडून. हा गृहस्थ कुणाला फोन करत नाही आणि आलेला उचलत नाही. बरं, मोबाईल नाही म्हणावं तर तसंही नाही. जामखेडला दिलेल्या मुलीनं घेऊन दिलेला चांगला भारीतला मोबाईल आहे. त्याच्यावर ते पंचांग बघतात, विजेचं बिल भरतात, गॅसचा नंबर लावतात, एसटीचं आरक्षण तर आमच्या सगळ्या गोतावळ्यात पहिल्यांदा त्यांनीच केलं. फक्त त्यात बोलत नाहीत. तो वाजायला लागला की दारात आलेल्या वर्गणीवाल्यांकडे बघावं तसं त्याच्याकडे बघतात आणि वाजून वाजून दमू देतात. "ज्याचं खरंच काम असेल तो येईल," म्हणतात. आणि लोक येतात हो! माझा जळफळाट होतो तो तिथेच. मी विम्याच्या कचेरीत दिवसाला चाळीस फोन करणारा माणूस, आणि माझ्याकडे नळ दुरुस्त करणारा येत नाही, यांच्याकडे मात्र धावत येतो.

आमच्या हिची थोरली बहीण, म्हणजे आक्का, त्यांना दिलेली. दोघंही सावेडीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. साडू पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. श्रीगोंद्याकडच्या भागात कुणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, हे कालव्याच्या कडेकडेनं सायकलवर हिंडून, प्रत्येकाच्या बांधावर उभं राहून सांगायचं, हीच त्यांची नोकरी. पुढे साहेबांनी फर्मान काढलं की आता फोन आलेत, फोनवर कळवत जा. साडूंनी एक हंगाम तसं केलं. ज्याला त्याला फोन केला, ज्यानं त्यानं "व्हय व्हय" म्हटलं, आणि पाळीच्या दिवशी एकही माणूस बांधावर नव्हता. पाणी आपलं निवांत ओढ्याला निघून गेलं. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं. "फोनवर सांगितलेलं पाणी शेतात पोचत नाही, साडूभाऊ," ते मला सांगतात. "समोर उभं राहिलं की माणूस फावडं उचलतो. फोनवर नुसता व्हय म्हणतो." निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण माणूस अजून बांधावरून खाली उतरलेला नाही.

घरच्या कामांसाठी त्यांनी पिशव्यांची पद्धत काढली. फाटकाला पांढरी पिशवी अडकवली की दूध एक लिटर जास्त. हिरवी असली की भाजीवाल्या मावशींनी थांबायचं. निळी म्हणजे इस्त्रीचे कपडे तयार आहेत, आणि लाल पिशवी खास नळवाल्यासाठी, कारण त्याची दुकानाला जायची वाट त्यांच्या दारावरून. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो. पण महिन्याभरात अख्ख्या गल्लीला ही बाराखडी पाठ झाली. एकदा दिवाळीच्या साफसफाईत आक्कानं घरातल्या सगळ्या पिशव्या धुतल्या आणि दोरीवर जागा उरली नाही म्हणून ओळीनं फाटकावर वाळत घातल्या. अर्ध्या तासात दूधवाला, भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाला आणि हातात पाना घेऊन धापा टाकत नळवाला, असं सगळं सैन्य दारात हजर. मागे चार शेजारी, कारण इतक्या पिशव्या एकदम म्हणजे नक्की काहीतरी भयंकर झालंय. "अहो, धुतल्यात नुसत्या!" असं म्हणून आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. साडूंना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. "बघितलंत?" ते मला म्हणाले, "एकही चुकला नाही. तुमच्या फोनवर चार माणसं एका वेळी येतात का?"

पिशवीचं काम नसेल तिथं मेसेज. पण तो कसा? वर "सा. न. वि. वि.", खाली "कळावे, लोभ असावा" आणि मधे सगळी हकीकत, की गच्चीवरच्या टाकीचा कॉक गळत असून आपल्या सवडीने यावे. वर कॉकचा फोटो, एक जवळून, एक लांबून. त्यावर नळवाला अंगठ्याचं चित्र पाठवतो. मग हे उलट लिहितात, "आपला अंगठा मिळाला." दवाखान्यात नंबर लावायचा तर सकाळी फिरायला जाताना कंपाउंडरच्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहून येतात. आणि जामखेडच्या मुलीला निरोप द्यायचा असला की मेसेज सोडून चक्क एसटीचा कंडक्टर गाठतात. एकदा त्यांनी लोणच्याची बरणी कंडक्टरच्या हवाली केली आणि बजावून सांगितलं, "मुलीला म्हणावं, आठ दिवस उघडू नको, अजून मुरायचंय." संध्याकाळच्या परतीच्या गाडीला तोच कंडक्टर हाका मारत आला, "काका, निरोप दिला! पन मागच्या शिटावरच्या आजी म्हनत हुत्या, मीठ कमी दिसतंय, वरून घाला." साडूंनी ते मनावर घेतलं. आता सांगा, लोणच्याबद्दल सल्ला देणारा फोन कुठल्या कंपनीचा असतो?

आता माझं सांगतो. मी काष्टीचा. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच राहते, गाव सोडायला तयार नाही. मी तिला रोज संध्याकाळी सात वाजता फोन करतो. एक दिवस चुकलेलो नाही, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्याचीही संधी मी कधी चुकवलेली नाही. "कशी आहेस?" "बरी हाय. तू जेवलास का?" "जेवतो आता. गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या की." दोन मिनिटांत काम फत्ते. साडूंसमोर तर मी मुद्दाम स्पीकर लावून बोलायचो, म्हटलं जरा बघा, फोन कशाशी खातात ते. ते ऐकायचे आणि फक्त विचारायचे, "मागं कधी गेला होतात?" मी म्हणायचो, दिवाळीला. गेलो होतो, एका दुपारपुरता. त्यातही कचेरीचे दोन फोन आल्यामुळे मी बराचसा अंगणातच होतो.

माघ महिन्यात माझ्या मुलाचा साखरपुडा ठरला. मी यादी घेऊन सोफ्यावर बसलो आणि दोन तासांत सत्तर माणसांना फोनवर आमंत्रणं देऊन मोकळा झालो. साडूंनी ती यादी मागून घेतली, अक्षता पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "फोनवरचं आमंत्रण म्हणजे बातमी झाली. बातमी ऐकून कुणी जेवायला येतं का?" आणि निघाले की हिंडायला! चौथ्या दिवशी म्हणाले, उद्या काष्टी. मी म्हटलं, "अहो, आईला कसली अक्षत? घरचंच माणूस ते. आणि मी रोज बोलतो तिच्याशी." ते चप्पल घालता घालता म्हणाले, "घरच्या माणसालाच आधी द्यायची असते. तुमचं राहून गेलंय."

सकाळच्या गाडीनं गेले ते संध्याकाळी साडेसहाला थेट माझ्याच दारात उभे. चहा नको म्हणाले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, आईंना दिसत नाही."

मला कळेचना. ते सावकाश सांगत गेले. ते दारात उभे होते, भर उन्हात, हाताच्या अंतरावर, आणि आईनं विचारलं, "कोन हाय?" आवाजावरून ओळखलं. चहा केला, घरातली भांडी तिच्या हाताला पाठ होती, पण ओतताना निम्मा कपाच्या बाहेर गेला आणि तिला पत्ता नाही. अक्षता हातावर ठेवायला हे पुढे झाले, तर तिचा हात दुसरीकडेच पसरलेला. उजव्या डोळ्यानं काहीच नाही, डाव्यानं नुसत्या सावल्या; वर्ष होत आलं. शेजारची सून भाकरी करून देते, तिलाही आईनं शपथ घातलेली.

आणि मला राग कुणाचा यावा? त्यांचाच आला. मी ओरडलो त्यांच्यावर. "दुपारी कळलं तुम्हाला! खिशात मोबाईल होता ना? तिथूनच फोन करायचा होता! तुमच्या या वेडापायी माझे पाच तास गेले!" आमची ही आतून धावत आली. साडू शांत होते. म्हणाले, "फोन केला असता तर तुम्ही काय केलं असतं? आईंना फोन लावला असता. आणि त्या म्हणाल्या असत्या, बरी हाय."

मी खाली बसलो. ते म्हणाले, "त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. पोराच्या पोराचं कार्य उरकू दे, तोवर त्याला फोन करू नका म्हणाल्या. मी म्हटलं, माझे आई, मी कुणालाच करत नाही. वचन मोडलेलं नाही मी." एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. माझा हात सवयीनं मोबाईलकडे गेला. मी तो तिथेच ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. साडू दिवसभराचे दमलेले, तरी शेजारच्या सीटवर येऊन बसले.

वाटेत मला एकेक आठवत गेलं. पूर्वी आई फोनवर सांगायची, आज रस्त्यानं अमकी जाताना दिसली, बाजाराला कसली कसली बैलं आली. वर्षभरात तिनं कोण दिसलं हे एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या दोन मिनिटांत ते काही बसलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदूनं उजवा डोळा कायमचा नेलाय. डाव्यात मोतीबिंदू पिकलाय, आणखी उशीर झाला असता तर तोही वाचवता आला नसता. डाव्याची शस्त्रक्रिया झाली. साखरपुड्याला आई काळा चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसली होती. नातसून पाया पडायला वाकली तशी आईनं चष्मा वर करून तिची हनुवटी धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "पोरीच्या गालावर तीळ हाय की! मला कुनी सांगितलंच न्हाई!" सगळे हसले. मी उठून पाण्याची व्यवस्था बघायला गेलो. तिथं साडू पंगतीची माणसं मोजत होते. मी फोनवर बोलावलेल्या सत्तरांपैकी ज्यांना त्यांनी जाऊन अक्षत दिली, ते सगळे आले होते.

आता मी दर बाजाराच्या दिवशी काष्टीला जातो. सातचा फोनही चालूच आहे, आईच्या तोंडी तेच, बरी हाय. पण त्याच्यावर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही. साडूंचं मात्र हिंडणं संपलं. गुडघे बोलायला लागलेत, एसटीची पायरी चढवत नाही. आक्का नातवंडासाठी बरेचदा जामखेडला असते. गेल्या पावसाळ्यात एकदा त्यांच्या फाटकावर पिवळी पिशवी दिसली. हा रंग आमच्या बाराखडीत नव्हता, म्हणून मी स्कूटर थांबवली. "ही कुणासाठी?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमच्यासाठी. दिसली की येत जा." काम काय, तर काही नाही. बसलो, चहा झाला, कालव्याच्या चार जुन्या गोष्टी झाल्या. तेव्हापासून कचेरीतून येताना मी वाकडी वाट करून त्यांच्या गल्लीतून येतो. कधी पिवळी पिशवी असते, कधी नसते.

काल नव्हती. मी पुढे गेलो, कोपऱ्यावर थांबलो आणि स्कूटर वळवली. दार त्यांनीच उघडलं, भिंतीला धरून. "तुम्ही कसे? पिशवी तर लावली नव्हती मी," म्हणाले.

"माहीत आहे," म्हटलं. "कसे आहात?"

"बरा आहे," ते म्हणाले.

मी आत जाऊन दिवा लावला, समोर खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं.