खिडकीतल्या सूर्याची साक्ष

सुषमाताईंची आणि माझी पहिली ओळख बंद दाराआडून झाली. मी पवनीची म्हातारी, रमजानात मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेली, आणि नमाजाआधी वजू करायचा म्हणून विमानाच्या न्हाणीघरात एक पाय बेसिनमध्ये घालून उभी. त्या त्या विमानातल्या हवाई सेविका; बाहेरून त्यांनी शुद्ध हिंदीत लवकर बाहेर येण्याची विनंती केली. मी आतून पुटपुटले, "काहून घाई करून राहिली ही बाई?" तशी बाहेरची हिंदी गळून पडली. मी तशीच उभी राहून दाराची कडी सरकवली.

"आजी, कुठच्या जी तुम्ही? मी तिकडचीच, सानगडीची. पाय खाली घ्या आधी, पडाल न!"

त्यांनी खाली कागदी रुमाल पसरले आणि पेल्यानं माझ्या हातापायांवर बेतानं पाणी घातलं. घरच्या सुनांनी इतक्या मानानं पाणी घातल्याचं मला आठवत नाही. हे लिहून घेणारी सून तोंड वाकडं करून राहिली आहे, तरी वाक्य राहू द्यावं.

त्यांच्या हाताखालच्या मुली सांगतात, रोजेदारांपुढे विचारल्याशिवाय ताट ठेवायचं नाही, हे ताईंनी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं. माझंही ताट त्यांनी बाजूला ठेवलं होतं. प्रवासात रोज्याची सूट असते. पण मी रोजा धरला होता, आणि वेळेआधी रोजा मी जन्मात कधी सोडला नव्हता.

आमच्या ह्यांच्या मनगटावर मात्र पवनीची वेळ होती. "घरी अजान झाली असन. खाऊन घे," म्हणत त्यांनी खजूर पुढे केला.

"आपण घरी आहो काय? सूर्य कुठी आहे ते पाहू द्या."

आमच्या बाजूच्या खिडकीतून सूर्य दिसत नव्हता. मी ताईंना बोलावलं. "पोरी, पलीकडून पाहून सांग. माझा रोजा आता तुझ्या डोळ्यावर आहे."

त्या पलीकडे जाऊन वाकल्या, परत आल्या. "परातीएवढा आहे, आजी."

थोड्या वेळानं पुन्हा पाठवलं. तरी होताच.

"आमच्या मागं लागला काय हा सूर्य?"

"तो नाही जी. आपणच त्याच्या मागं जाऊन राहिलो."

हे कुरकुरले, "त्या पोरीले कामं नाहीत काय? हो म्हणून मोकळी होईन ती." खरंच, एका 'हो'नं ताईंची सुटका झाली असती. ताटं वाटायची होती, विमान उतरायला आलं होतं, आणि त्यांचा धर्मही निराळा. पण दर वेळी त्या तितक्याच मन लावून पाहून आल्या. माझ्यासाठी उपाशी राहिल्या असं मात्र मी लिहवणार नाही. पडद्याआड चहा पिताना मी त्यांना पाहिलं आहे.

शेवटी त्या लगबगीनं आल्या. "आजी, बुडला! कोरही नाही राहिली." मी खजूर तोंडाशी नेला, तोच इफ्तारची वेळ झाल्याचं पायलटनंही सांगितलं. दुसरा खजूर मी ताईंच्या हातावर ठेवला. आमच्या ह्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

आता सुषमाताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्या दिवशी मावळत नाही म्हणून मी सूर्याला मनातल्या मनात बरंच काही बोलले. आज दुआ मागते, की ताईंचा दिवस तसाच लांबत जावो, त्या धडधाकट राहोत, आणि कोणी विचारलंच तर खिडकीतून पाहून "परातीएवढा आहे अजून" असं सांगत राहोत. चहा मात्र आता पडद्याबाहेर बसून प्यावा.