दादांचा ज्वालामुखी

माझ्या थोरल्या मेहुण्याच्या अंत्ययात्रेला मी नारंगी रंगाचे, डोंगर चढायचे बूट घालून गेलो. निरोप आला तेव्हा पायात तेच होते. खांदा द्यायची वेळ आली, सगळ्यांनी पटापट चपला काढल्या, आणि मी अंगणात बसून नाड्या सोडतोय. गाठ काही सुटेना. तिरडी उचलायला वाकलेली माणसं खोळंबली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "राहू द्या जवाईबापू, तुमी मागून या." मी मागून गेलो. एरवी अशा फजितीने मी आठवडाभर लाजलो असतो. त्या दिवशी लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

बूट दादांच्याच हुकमाने पायात होते. "बूट पायाले वळखला पायजे, जवाईबापू. दुकानात बसान तवा बी घाला," असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे आमगावच्या माझ्या दुकानात मी महिनाभर पेन आणि पट्ट्या विकत होतो ते ज्वालामुखीच्या तयारीने.

दादा, म्हणजे शोभाचा, माझ्या बायकोचा मोठा भाऊ. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर दवनीवाड्याला घरच्या धानाच्या शेतीत रमले, पण गाडी त्यांच्या अंगातून उतरली नाही. कुणी लग्नाचा निर्णय लांबवत असलं, कुणी ऑपरेशनला घाबरत असलं, की दादांचं ठरलेलं वाक्य यायचं : "एक तं चढा, नाई तं उतरा. दारात उभं राहू नका." आमच्या मुलीच्या पाठवणीत सगळे रडायला लागले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघून जाहीर केलं होतं, "रडून घ्या, रडून घ्या. मंग गाडी निघते." गाडी खरंच वेळेवर निघाली.

अशा माणसाला एक दिवस मोबाइलवर जावा बेटावरचा तो डोंगर दिसला. दिवाळीला काही महिने होते. मी आणि शोभा दवनीवाड्याला गेलो होतो. दादांनी मोबाइल माझ्या नाकापाशी धरला.

"पाहा. पहाडाच्या तोंडातून धूर निघून राहिला, अन काठावर गणपती आरामात बसून राहिला! तिथले लोक आपल्या वावरातलं पिकलेलं नेऊन आत टाकतात."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? आपण जाऊन राहिलो. मी, तुमी अन शोभा."

"दादा, तू कधी नागपूरच्या पुढं गेला का?" शोभा म्हणाली.

"म्हणूनच तं! जिनगानीभर दुसऱ्यायलेच पोचवलं. अन आपल्या इकडं काय हाय? धानाच्या बांधीत पाणी सोडलं तं हलत नाही, इतकी सपाट जमीन. माणसानं एकडाव तरी अशी जागा पायली पायजे, जिथं जमिनीचं काही ठरलेलं नाही."

वहिनी आतून म्हणाल्या, "गुडघ्याले तेल मीच लावून देतो, अन हे चालले ज्वालामुखीवर."

पण दादा चढले होते. आता उतरणार नव्हते. पासपोर्ट काढले. मार्ग तोंडपाठ झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते थांबे सांगावेत तसा सांगायचे : आमगाव, नागपूर, मुंबई, बाली, मग जावा, "अन मधात कोणी उतरायचं नाही."

सराव म्हणून आम्हाला सालेकशाच्या जंगलातल्या टेकडीवर नेलं. मी अर्ध्यात बसलो, शोभा वर जाऊन परत आली, मी तिथंच होतो. रोजच्या सरावासाठी दादांनी गावातली पाण्याची टाकी निवडली. आता आमच्याकडे मोठा माणूस पाण्याच्या टाकीवर चढला की त्याची काहीतरी मागणी असते. खाली गर्दी जमली. सरपंच धावत आले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "दादा, खाली या! मागणी काय हाय तुमची?"

"मागणी नाही बाप्पा, सराव हाय!" वरून आवाज आला.

"बोलून मार्ग काढू ना!"

"मार्ग निघाला, तिकीट बी निघालं!"

शेवटी वहिनींनी खालून हाक मारली तेव्हा उतरले.

सासुरवाडीत एक नेम आहे. धान घरात आलं की नवा तांदूळ आधी देवाला वाहायचा. त्याला 'नवं' म्हणतात. ते होईपर्यंत नव्या तांदळाचा दाणा कुणी तोंडात घालत नाही. दादांनी जाहीर केलं, की यंदाचं नवं त्या डोंगरावर. धान विमानातून नेता येत नाही असं नागपूरच्या टूरवाल्याने सांगितलं. "मंग पोहे नेऊ," दादा म्हणाले. "तवापर्यंत घरात जुनाच तांदूळ शिजल."

धान कापून घरात आलं. पोती रचून झाली, त्यातल्या थोड्या धानाचे डोंगरावर न्यायचे पोहेही कांडून झाले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी चहा मागून दादा खाटेवर टेकले, आणि वहिनी कप घेऊन आल्या तोवर संपलं होतं.

शोभा रडली नाही. येईल त्याला पाणी देत होती, सतरंज्या झटकत होती. मीही कुणी सांगेल तिथे बसत होतो, कुणी म्हणेल तेव्हा उठत होतो.

तेरवीला नव्या पोत्यांवरून विषय निघाला. शोभाचे काका म्हणाले, "मयत झाली. वरीसभर सुतक, यंदा या घरी नवं नाही. अन त्या पहाडाचं तं नावच काढू नका."

वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलल्या. "त्यायनं पेरलं, त्यायनं कापलं. पहाडावर वाहिल्याबिगर खायाचं नाही, असं सांगून गेले. मी नाही खात."

"मंग काय वरीसभर जुनंच खासान?"

"संपलं तं इकत आणीन. पण हे पोते नाही खोलत."

काका म्हणाले, "पण सुतकातल्या घरचं नवं वाहील कोण?"

शोभाने हातातला पाण्याचा गंज खाली ठेवला. "मी वाहीन. मी या घरची कुठं राहिली, काका? तुमीच मांडवात उभं राहून दिली ना मले दुसऱ्याच्या घरी? लेकीचं सुतक तीन दिवसात फिटलं."

काका माझ्याकडे बघू लागले. मी दाराबाहेरच्या माझ्या बुटांकडे. "तुमाले चालते का, जवाईबापू?"

"हिने ठरवलं म्हणजे..." एवढंच मी बोललो.

आम्ही दोघं गेलो. विमानात दादांची खिडकीजवळची जागा रिकामी होती. शोभाने तिथे बसायला नकार दिला, मी बसलो, आणि पूर्ण प्रवासात बाहेर पाहिलं नाही. शेवटचा चढ पायऱ्यांचा होता. बूट पायाला ओळखत होते, पण छाती चढाला ओळखत नव्हती. शोभा पुढे, मी कठडा धरून मागे. वर पोचलो तर सगळं पांढरं. धूर कोणता, धुकं कोणतं, कळेना. गंधकाने डोळे चुरचुरत होते. ज्वालामुखी आम्हाला दिसलाच नाही. खालून नुसता आवाज येत होता, दूर कुठे गिरणी चालू असावी तसा.

शोभाने गणपतीपुढे चिमूटभर पोहे ठेवले, मग उरलेली पुडी काठावरून आत मोकळी केली. पोहे त्या पांढऱ्यात गेले. पडल्याचाही आवाज आला नाही. मी हात जोडले. काही आठवेल म्हणून वाट पाहिली. आठवलं नाही.

खाली उतरून टपरीवर चहा घेताना मी तिला विचारलं, "काही वाटलं का गं वर?"

"नाही," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "वहिनीले फोन लावा. म्हणा, पोतं खोला, नवा भात मांडा."